प्रशासकच बरा, हा भ्रम सोडा

नगरसेवक नव्हते तेव्हा कामं भराभर झाली, हे वाक्य मीरा-भाईंदरमध्ये सर्रास ऐकू येतं. महापालिकेच्या सभागृहाची मुदत ऑगस्ट 2022 मध्ये संपली, मतदान थेट 15 जानेवारी 2026ला झालं. मधली जवळपास साडेतीन वर्षं प्रशासकाची. ना टक्केवारी, ना सभागृहातला गदारोळ, म्हणून शहराचा विकास झाला, असा हा युक्तिवाद.

त्यात हमखास येतात मेट्रो आणि सूर्या धरणाचं पाणी. दोन्ही प्रकल्प महापालिकेचे नव्हेत, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे (एमएमआरडीए). मेट्रो 9चं काम तर 2019 मध्ये, सभागृह असतानाच सुरू झालं. त्यांचं श्रेय प्रशासकीय राजवटीला कसं देता येईल?

निवडून आलेल्यांना बाजूला ठेवलं की विकासाला वेग येतो का, याबाबत जगाचा अनुभवही वेगळा नाही. राज्यशास्त्रज्ञ ॲडम प्रझेवोर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 ते 1990 या काळातल्या देशोदेशींच्या राजवटी तपासल्या. हुकूमशाहीत अर्थव्यवस्था जास्त वेगाने वाढते, असं त्यांना आढळलं नाही. लोकशाहीत ती जास्त वेगाने वाढते असंही आढळलं नाही, हेही सांगायलाच हवं. पण मग ज्या वेगासाठी मताचा हक्क सोडायचा, त्या वेगाची हमी कुठे आहे?

गेलं काय, ते पाहा. एरवी आयुक्तांचा अर्थसंकल्प आधी स्थायी समितीत आणि मग महासभेत जातो. उत्तनच्या कचऱ्याचं काय, भाईंदर पूर्वेच्या गटारांचं काय, असं तिथे कुणीतरी उभं राहून विचारू शकतं. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव आयुक्तांचा आणि मंजुरीही त्यांचीच. अधिकारी कितीही सचोटीचा असो, त्याची बदली झाली की जाब कुणाला विचारणार? मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्या, असं राज्यघटनेचं कलम 243-यू स्पष्ट सांगतं. ते साडेतीन वर्षं धाब्यावर बसवलं गेलं, तरी शहरात फारसा संताप दिसला नाही, याचं मला दुःख आहे.

टक्केवारीची चीड मलाही आहे. पण त्यासाठी सभागृह नको म्हणणं हा उपाय नव्हे. नगरसेवकावर मतदाराची पकड हवी. चार सदस्यांच्या प्रभागात प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, म्हणून ती आणखीच हवी. महापालिका कायद्यात 2009च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेची तरतूद आली आहे. मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागातल्या कामांबद्दल बोलायची ती हक्काची जागा. आपल्या प्रभागातली पहिली क्षेत्रसभा कधी भरणार, याची तारीख नव्या नगरसेवकांकडे लेखी मागा.