रद्दीच्या भावातली हॉकी

१९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय हॉकी संघात बलबीर सिंग नावाचे तीन खेळाडू होते. एक पंजाब पोलिसांकडचा, एक लष्करातला आणि एक रेल्वेचा. त्यांतल्या दोघांचं आडनावही एकच, कुलार, आणि गावही एकच, जालंधरजवळचं संसारपूर. त्या वर्षीच्या एखाद्या क्रीडा साप्ताहिकातला फोटो कुणी हौसेनं कापून वहीत डकवला असेल आणि फोटोखालची ओळ कात्रीबाहेर राहिली असेल, तर चेंडूमागे धावणारा हा बलबीर तिघांपैकी कोणता, हे आता कोण सांगणार? अख्खा अंक हाती असेल तर बहुतेकदा वांधा होत नाही. तिथे सामन्याचा वृत्तान्त असतो, संघाची यादी असते, कोण कुठल्या जागेवर खेळला हेही असतं.

जुने क्रीडा अंक जमवणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे दोन नजरांनी पाहिलं जातं. तो क्रिकेटचे अंक जमवत असेल तर संग्राहक. हॉकीचे जमवत असेल तर घरच्यांच्या लेखी तो माळा अडवणारा. ही दुसरी नजर बदलायला हवी. भारतीय हॉकीच्या सर्वांत वैभवाच्या काळाची हकिकत मोठ्या प्रमाणात या माळ्यावरच्या कागदातच शिल्लक आहे, आणि ती सांभाळण्याचं काम ज्यांनी करायला हवं होतं त्यांच्यापेक्षा या हौशी मंडळींनी ते बरं केलं आहे.

मुंबईत दूरदर्शन आलं १९७२ साली. तोवर भारताची सात ऑलिंपिक सुवर्णपदकं जमा झाली होती. १९२८चं ॲमस्टरडॅम, १९३६च्या बर्लिनमध्ये जर्मनीला ८-१ने लोळवणं, १९४८ साली लंडनमध्ये ब्रिटनचा ४-० असा पराभव. यातलं काहीही देशातल्या प्रेक्षकानं घरी बसून पाहिलेलं नाही. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूरला पाकिस्तानला २-१ असं हरवून भारतानं विश्वचषक जिंकला, तोही बहुतेकांनी जसदेव सिंग यांच्या हिंदी समालोचनातून कानांनीच पाहिला. अशोककुमारचा विजयी गोल झाला की नाही, यावर पाकिस्तानी खेळाडूंनी मैदानातच हुज्जत घातली होती. चेंडू खांबाच्या आतल्या बाजूला लागून बाहेर आला होता. रेडिओवर अशा गोष्टीचा निकाल लागत नाही. मग साप्ताहिकाची वाट बघायची, त्यातला फोटो डोळ्यांजवळ धरायचा आणि नाक्यावर वाद घालायचा.

या साप्ताहिकांचा पसाराही लहान नव्हता. मद्रासच्या ‘हिंदू’ समूहाचं ‘स्पोर्ट अँड पास्टाइम’ १९४७मध्ये निघालं आणि १९६८पर्यंत चाललं. ध्यानचंद यांचं ‘गोल’ हे आत्मचरित्र १९५२ साली प्रसिद्ध केलं तेही याच नियतकालिकानं. हॉकीच्या सर्वांत मोठ्या खेळाडूची त्याच्याच शब्दांतली कहाणी पुस्तकरूपात आली ती एका क्रीडा साप्ताहिकामुळे, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. १९६८ साली मुंबईत खालिद अन्सारींनी ‘स्पोर्ट्सवीक’ सुरू केलं. १९७८मध्ये मद्रासहून ‘स्पोर्टस्टार’ आलं आणि कलकत्त्याहून ‘स्पोर्ट्सवर्ल्ड’. त्याचे संपादक होते टायगर पतौडी. मराठीत क्रीडा नियतकालिक म्हटलं की संदीप पाटील यांचं ‘एकच षटकार’ आठवतं. नावातच खेळ कोणता ते कळतं, त्यामुळे हॉकीवेड्या मराठी वाचकाला इंग्रजी अंकांचाच आधार होता.

एखाद्या खेळाडूचं मोठेपण मासिकातल्या एका ओळीवर कसं तगून राहतं, याचं उदाहरण म्हणजे शंकर लक्ष्मण. महूचा हा गोलरक्षक मराठा लाइट इन्फंट्रीतला. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिंपिक अंतिम सामन्यांत तो गोलपोस्टसमोर उभा राहिला. टोकियोतल्या अंतिम सामन्यात मोहिंदर लालच्या एकमेव गोलवर भारतानं पाकिस्तानला हरवलं, ते लक्ष्मणनं दुसऱ्या टोकाला काही आत जाऊ दिलं नाही म्हणून. त्या सामन्याबद्दल ‘हॉकी सर्कल’ या ऑस्ट्रेलियन मासिकानं लिहिलं होतं, की लक्ष्मणला हॉकीचा चेंडू फुटबॉलएवढा दिसत असावा. आज त्याच्यावर कुणीही दोन ओळी लिहायला बसला तरी ही उपमा येतेच येते. पुढे १९६६च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्याच्याच नेतृत्वाखाली भारतानं सुवर्ण मिळवलं. उतारवयात महूमध्येच त्याचे हलाखीचे दिवस गेले आणि २००६ साली तो गेला. टोकियोचं चित्रण आज किती जणांनी पाहिलं असेल? ती ओळ मात्र उरली, कारण तो अंक कुणीतरी वाचून फेकून दिला नाही.

सरकारी सांभाळणुकीची गोष्ट मात्र वाचवत नाही. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात एकट्यानं पाच गोल करणारे आणि १९५६ला मेलबर्नमध्ये कर्णधार असलेले बलबीर सिंग (सीनियर) यांनी १९८५ साली नियोजित क्रीडा संग्रहालयासाठी आपला ठेवा भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या हवाली केला. त्यात छत्तीस पदकं होती, शंभरावर दुर्मीळ छायाचित्रं होती, मेलबर्नचा कर्णधारपदाचा ब्लेझर होता. संग्रहालय झालं नाही. वस्तू कुठे गेल्या, हे विचारत ते आणि त्यांचे कुटुंबीय दारोदार फिरले, माहितीच्या अधिकारात अर्ज झाले. २५ मे २०२०ला बलबीर सिंग गेले तोवर तो ठेवा काही त्यांना परत मिळाला नाही. तीन सुवर्णपदकं मिळवून देणाऱ्या माणसाची ही कथा असेल, तर १९४८च्या संघातल्या लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, मॅक्सी वाझ, लॉरी फर्नांडिस या गोवेकर वळणाच्या नावांच्या मंडळींची मुंबईतल्या क्लब सामन्यांतली छायाचित्रं कुठल्या कार्यालयात शोधायची?

तेव्हा शोध घ्यायचा तो पदपथावर. मुंबईत फाउंटनला किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला जुन्या पुस्तकांच्या ढिगात, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, नाहीतर थेट रद्दीवाल्याकडे. सापडलेला अंक हातात घेतल्यावर जाणकार मुखपृष्ठ पाहत बसत नाही. तो आधी मधली पानं उघडतो. तिथे रंगीत पोस्टर असायचं आणि ते सर्वांत आधी कुणाच्या तरी खोलीच्या भिंतीवर गेलेलं असतं. मग पिना. त्या गंजल्या असतील तर त्यांच्याभोवती तपकिरी डाग धरलेला असतो आणि पान उलटलं की तिथूनच फाटतं. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेला खोली क्रमांक दिसतो, पेपरवाल्यानं टाकताना घातलेला. वर्षाचे अंक बांधून घेण्याची चाल होती. त्यात बाइंडरनं कडा सारख्या करताना समासाबरोबर फोटोखालच्या ओळीही उडवलेल्या असतात. आणि हल्ली एक नवी पीडा आहे. जुन्या साबणाच्या, बिस्किटांच्या जाहिराती चौकटीत लावायला लोक पैसे मोजतात, म्हणून विक्रेते जाहिरातीचं पान फाडून वेगळं विकतात. त्याच्या पाठीवर एखाद्या सामन्याचा वृत्तान्त असतो, तो भिंतीकडे तोंड करून कायमचा जातो.

संग्राहकांचेही काही दोष सांगायला हवेत. आवडता संघ म्हटला की लोक फक्त विजयाचे अंक शोधतात. १९७५ला मागणी, १९८०च्या मॉस्कोला मागणी, १९८२ला नाही. हे खेळाच्या इतिहासावर अन्याय करणारं आहे. १ डिसेंबर १९८२ रोजी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्ताननं भारताला ७-१ असं धुतलं आणि गोलरक्षक मीररंजन नेगीवर नाही नाही ते आरोप झाले. हाच नेगी १९९८ला बँकॉकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघाबरोबर गोलरक्षकांचा प्रशिक्षक म्हणून होता. ‘चक दे इंडिया’ पाहून त्याची कहाणी माहीत झालेल्यांनी त्या डिसेंबरचे मूळ अंक वाचावेत; तेव्हा कुणी काय लिहिलं, कुणी सांभाळून लिहिलं आणि कुणी वाहवत गेलं, याचा छडा तिथेच लागेल. त्याच स्पर्धेत महिला हॉकीचा पहिल्यांदाच समावेश झाला होता आणि पुण्याच्या एलिझा नेल्सनच्या संघानं सुवर्ण मिळवलं होतं. पुरुषांच्या त्या पराभवाच्या गदारोळात हे सुवर्ण झाकोळलं. म्हणजे ज्या अंकांना आज कुणी विचारत नाही, त्यांतच महाराष्ट्राच्या एका मोठ्या कर्णधाराचं यश शोधावं लागणार.

बाहेर काय चित्र आहे? कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची. तिथलं ‘द हॉकी न्यूज’ हे नियतकालिक १९४७ सालीच माँट्रियलमध्ये निघालं, आपल्या ‘स्पोर्ट अँड पास्टाइम’च्याच वर्षी. ते अजून चालू आहे आणि त्यानं आपले जुने अंक पानापानानं वाचकांना खुले केले आहेत. माँट्रियल कॅनेडियन्सचा चाहता मोरिस रिशारच्या काळातला अंक घरबसल्या वाचू शकतो आणि छापील प्रत हवीच असेल तर बाजारातून घेऊ शकतो. तिथल्या बाजारात वर्गणीदाराच्या पत्त्याचं लेबल चिकटवलेली प्रत स्वस्त आणि दुकानातून कोरी आलेली प्रत महाग, इतकी बारीक पारख चालते. काही प्रती तर श्रेणी ठरवून प्लास्टिकच्या बंद पेटीत घातल्या जातात. न उघडता येणारं मासिक विकत घेणं हा श्रीमंतांचा विनोद आहे. त्याचं अनुकरण आपण करू नये. अंक खुले करण्याचं मात्र जरूर करावं.

आपल्याकडे बंद पडलेल्या साप्ताहिकांचे हक्क ज्या वृत्तसमूहांकडे आहेत, त्यांनी निदान हॉकीची पानं खुली करायला हरकत काय? आजच्या वाचकाला ती विकून फार पैसा मिळण्याची शक्यता नाही, हे त्यांनाही ठाऊक असणार. हॉकी इंडियाकडे प्रायोजक आहेत. खेळाडूंच्या नावांची नीट सूची करून हे अंक एका जागी आणायला फार मोठा खर्च येणार नाही. तोवर भार घरांवरच आहे. दिवाळीच्या साफसफाईत जुना गठ्ठा खाली आला, तर पानं कापू नयेत, सेलोटेप लावू नये, आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. गरम प्लास्टिकखाली एकदा गेलेला कागद पुन्हा सुटा होत नाही. गंजक्या पिना हलक्या हातानं काढाव्यात, अंक आडवे ठेवावेत, ओल आणि ऊन दोन्ही टाळावं.

सुरुवात पुण्यानं करावी, असं सुचवावंसं वाटतं. एलिझा नेल्सन पुण्याची, चार ऑलिंपिक खेळलेला धनराज पिल्ले खडकीचा. या दोघांच्या कारकिर्दीचे क्रीडा अंक लोकांच्या घरांतून मागवून घेणं, त्यांच्या प्रती काढून मूळ अंक परत करणं, हे शहरातल्या एखाद्या जुन्या ग्रंथालयाला वर्षभरात जमण्यासारखं आहे. धनराजचे अंक भराभर येतील. नेल्सनच्या संघाचे किती येतात, ते बघायचं.