छडीमागची तपश्चर्या

हेलसिंकी येथे १९९६ साली जन्मलेल्या क्लाउस मॅकेला या वाद्यवृंद-संचालकांचे नाव आज पाश्चात्त्य संगीताच्या दुनियेत सर्वतोमुखी झाले आहे. २०२० साली ऑस्लो फिलहार्मोनिकची आणि पाठोपाठ २०२१ साली पॅरिसच्या वाद्यवृंदाची धुरा त्यांच्याकडे आली. त्यानंतर अ‍ॅम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाउ वाद्यवृंदाने २०२२ मध्ये आणि शिकागो सिंफनीने २०२४ मध्ये त्यांची निवड जाहीर केली. या दोन्ही ठिकाणची सूत्रे २०२७ पासूनची आहेत. अनुक्रमे १८८८ व १८९१ साली स्थापन झालेल्या या मातब्बर संस्थांनी तिशीही न गाठलेल्या तरुणासाठी पायघड्या घालाव्यात, याचे अनेकांना नवल वाटले; काहींच्या कपाळाला आठ्याही पडल्या.

तथापि हे यश आकाशातून पडलेले नाही. सुमारे ५५ लाख वस्तीच्या फिनलंडने एसा-पेक्का सालोनेन, युक्का-पेक्का सारास्ते, सकारी ओरामो, सुसाना मॅल्की असे एकाहून एक सरस संचालक जगाला दिले. यांपैकी बहुतेकांच्या मागे योर्मा पानुला हे गुरू उभे आहेत. १९७३ ते १९९३ या काळात सिबेलियस अकादमीत शिकवताना त्यांनी विद्यार्थ्यांना आरशापुढे हातवारे करायला न लावता जिवंत वादकांपुढे उभे केले. चित्रफितीवर त्यांच्याच चुका त्यांना दाखविल्या. मॅकेला हे पानुलांच्याच हाताखाली वयाच्या बाराव्या वर्षापासून तयार झाले. चेलोवादनाचीही जोड त्यांना होती. तेव्हा वय कोवळे असले तरी उमेदवारी तोकडी नाही.

मग आक्षेप उरतो तो वयाचा नव्हे, तर सवडीचा. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांकडे १९६२ साली लॉस एंजेलिसची सूत्रे आली तेव्हा तेही २६ वर्षांचेच होते. पण ती त्यांनी १९७८ पर्यंत सांभाळली. सायमन रॅटल यांनी १९८० साली, पंचविशीत बर्मिंगहॅमचा वाद्यवृंद हाती घेतला आणि १९९८ पर्यंत तो सोडला नाही. वादक आणि संचालक यांचे सूर वर्षानुवर्षांच्या सहवासातून जुळतात; दोन खंडांतील दोन बलाढ्य संस्थांमध्ये विभागलेल्या माणसाला हा सहवास कितपत लाभेल?

या प्रश्नाचे उत्तर एकट्या मॅकेलांकडून मागणे अन्यायाचे होईल. तिकीटखिडकीवर गर्दी खेचणारा चेहरा संस्थांना हवा असतो आणि चमत्काराची गोडी श्रोत्यांना असते. पानुलांनी शिष्यांना चुका करण्याची मुभा दिली आणि त्या सुधारण्यास वेळही दिला. अ‍ॅम्स्टरडॅम आणि शिकागो यांनी एवढे औदार्य दाखविले, तर आजच्या कीर्तीचे उद्या कर्तृत्वात रूपांतर होईल. अन्यथा कौतुकाच्या भरात एक अस्सल गुण अकाली शिणविल्याचे पाप त्यांच्या माथी येईल.