हाडांना चुना

आमच्या गोंदिया जिल्ह्यात कुणाला काहीही झाले तरी शेवटी त्याला कॅल्शियम कमी पडलेले असते. रोवणी करून कंबर धरली, कॅल्शियम कमी. जिना चढताना गुडघा कुरकुरला, कॅल्शियम कमी. सुनेचे केस गळले, नातवाचा दात वाकडा आला, आजोबांना रात्री झोप येईना... कॅल्शियम, कॅल्शियम, कॅल्शियम! पूर्वी हे खाते शनीकडे होते. शनी निदान साडेसात वर्षांनी तरी सोडत असे. गोळी सोडत नाही.

खोकल्याचे औषध आणायला जावे, तर दुकानदार बाटली पिशवीत घालता घालता विचारतो, "आईसाठी कॅल्शियम नेता का जी? साठीच्या वर असतील ना?" साठीच्या वर असणे हा आमच्याकडे एक स्वतंत्र आजार आहे. आमच्या झाडीबोलीत 'ळ' नाही, त्यामुळे गोळीची 'गोरी' होते. शेजारच्या आत्याबाई अभिमानाने सांगतात, "मले का होते बाबू? सकारी एक गोरी, रातच्याला एक गोरी. हाडं मस्त होऊन रायले!" हाडे मस्त होऊन राहिली आहेत हे त्यांना कुणी सांगितले, ते विचारायची सोय नाही. गोळीच्या डबीवर धावणाऱ्या बाईचे चित्र आहे, तेवढा पुरावा पुरतो.

आता या गोळीत असते काय? बहुतेक स्वस्त गोळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट असते. म्हणजे रसायनशास्त्राच्या हिशेबाने चुनखडी. १२५० मिलिग्रॅमच्या गोळीत खरे कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. आपल्याकडे 'चुना लावणे' हा वाक्प्रचार औषधी कंपन्यांच्या आधीपासून आहे, हा पूर्वजांचा द्रष्टेपणाच म्हणायचा. त्यातून मोबाइलवर रोज पहाटे एक संदेश फिरतो : गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून घ्या, सत्तर रोग बरे होतात. गव्हाच्या दाण्याएवढ्या चुन्यात फार तर वीसेक मिलिग्रॅम कॅल्शियम निघेल. ज्या दह्यातून तो घ्यायचा, त्या वाटीभर दह्यात त्याच्या कितीतरी पट असते. पण दह्याचे नाव कुणी घेत नाही, श्रेय चुन्याला! आणि नुसत्या चुन्याने हाडे घडत असती, तर दिवसाला पाच पाच पुड्या खर्रा घोटणाऱ्या आमच्या नागपूर-गोंदियाच्या माणसांची हाडे भिलाईच्या पोलादासारखी झाली असती आणि भिलाईवाल्यांना कारखाना बंद करावा लागला असता.

कॅल्शियम नकोच, असे मी म्हणत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढ माणसाची रोजची गरज १००० मिलिग्रॅम धरली आहे. त्याआधी ती ६०० होती. आमचा जिल्हा धानाचा. सकाळी भात, संध्याकाळी भात, पाहुणे आले तर जास्त भात. आणि शंभर ग्रॅम तांदळात कॅल्शियम किती, तर दहा मिलिग्रॅमच्या आसपास. तेव्हा ताटात खड्डा आहे, हे कबूल. माझे भांडण आहे ते खड्ड्यात टाकायच्या मुरुमाला 'पूल' म्हणून विकणाऱ्यांशी.

कारण हा मुरूम मोजून झालेला आहे. अमेरिकेत ३६,२८२ बायकांवर सात वर्षे प्रयोग झाला. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सोबत ड जीवनसत्त्व, निम्म्यांना नुसत्या खोट्या गोळ्या. २००६ साली निकाल आला : खुब्याच्या हाडाची घनता जेमतेम एक टक्का जास्त, खुबा मोडण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नाही, मुतखडे मात्र १७ टक्के जास्त. म्हणजे दगड झाला, पण भलत्या ठिकाणी! २०१७ साली ३३ प्रयोगांचा, एकावन्न हजारांवर माणसांचा हिशेब एकत्र मांडला. घरी राहणाऱ्या, हिंडत्याफिरत्या म्हाताऱ्यांत या गोळ्यांनी हाडे मोडणे कमी झालेले दिसले नाही. याउलट फ्रान्समध्ये १९९२ साली वृद्धाश्रमांतल्या ३,२७० अतिवृद्ध बायकांत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाने खुबा मोडणे ४३ टक्क्यांनी कमी झाले होते. त्या बिचाऱ्यांना ना ऊन मिळत होते ना पुरेसे कॅल्शियम. ज्याच्या पोटात भूक आहे त्याला भाकर लागते. जेवलेल्याला वाढले तर ढेकर.

पण ही भानगड शिबिरात कुणी सांगत नाही. आमच्याकडे महिन्याआड 'मोफत हाडे तपासणी शिबिर' भरते. टाच एका पेटीत घालायची, थोडी जेली, मिनिटभर घरघर, की रंगीत चिठ्ठी बाहेर. हिरवा, पिवळा, तांबडा. मी आजवर हिरवी चिठ्ठी घेऊन आलेला माणूस पाहिलेला नाही. यातली मेख अशी, की त्या आकड्यात सत्तरीच्या बाईची तुलना ऐन तारुण्यातल्या बाईशी केलेली असते. असल्या तुलनेत हाडेच काय, आमचे काहीच हिरवे येणार नाही! हाडे खरोखर ठिसूळ आहेत का, ते खुब्याच्या आणि कण्याच्या डेक्सा तपासणीवरून ठरवायचे असते. टाचेची पेटी फार तर शंका घेऊ शकते. शेजारच्या टेबलावर गोळ्या सवलतीत असतात, ते सांगायला नकोच.

दोन वर्षांपूर्वी आत्याबाई मोरीत घसरल्या. नुसत्या टेकल्या म्हणा, पण मनगट मोडले. पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून हाड मोडले, की ठिसूळपणाची तपासणी व्हायलाच हवी. प्लॅस्टर घातले, कागदावर पुन्हा गोळी लिहिली, विषय संपला. त्यासाठी खरी औषधे आहेत : आठवड्यातून एकदा उपाशीपोटी घ्यायची अलेन्ड्रोनेटची गोळी, जी साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसावे लागते, नाहीतर वर्षाकाठी शिरेतून द्यायचे झोलेड्रोनिक ॲसिड. ही औषधे मोडतोड खरोखर कमी करतात. कॅल्शियम त्यांच्या सोबतीला हवे. पण इथे करवलीचीच वरात निघाली आहे आणि नवरीला कुणी मांडवात बोलावलेले नाही.

याहून वाईट म्हणजे, ही गोळी दुखणे झाकते. आमच्या भागात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. त्यात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते हाड मरू शकते. विशी-बाविशीतला पोरगा लंगडायला लागला आणि त्याला 'कॅल्शियम कमी आहे' म्हणून वर्षभर चुनखडी चारली, तर ते वर्ष परत कोण देणार? इथे माझा विनोद आटतो.

शिवाय घ्यायची तऱ्हा! आत्याबाई लोहाची, थायरॉईडची आणि कॅल्शियमची अशा तिन्ही गोळ्या तीर्थासारख्या एकाच तळहातावर घेतात. लोहाला कॅल्शियम आडवे येते, थायरॉईडच्या गोळीपासून ते चार तास लांब हवे, कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचे आणि एका वेळी पाचशेच्या वर शरीर नीट घेत नाही. हे सांगायला दुकानदाराला वेळ नाही. पाठीमागे गिऱ्हाईक उभे असते.

बरे, काट्यासकट खायची बारकी मासळी ढिवरांच्या बायका दारावर आणतात. तीळ आहे, शेवग्याचा पाला आहे, ताक आहे. आत्याबाईंना सांगून पाहिले. "मासोरी तं रोजचीच हाय बाबू," त्या म्हणाल्या, "गोरीले पैसे पडते!" पैसे पडतात म्हणजे गुण असणारच, या युक्तिवादापुढे अमेरिकेतल्या छत्तीस हजार बायका काय टिकणार?

मग मी मोरीचा विषय काढला. ती फरशी तशीच शेवाळलेली आहे, रात्रीचा दिवा गेल्या दिवाळीपासून गेलेला आहे. एक काथ्या, एक बल्ब आणि भिंतीला धरायला एक दांडी, एवढ्याने आत्याबाईंचा खुबा गोळीपेक्षा जास्त सुरक्षित राहील. पण मोरी घासण्याचे शिबिर अजून कुणी भरवलेले नाही.