भारी होतं यार, पण...

सध्या आपल्या वयाच्या मंडळींमध्ये एक ट्रेंड जाम फॉर्मात आहे. लग्नाचा पहिला वाढदिवस? चलो बँकॉक. बायकोची तिशी? दुबई. आई-बाबांच्या लग्नाला तीस वर्षं? मग तर थेट लंडन! आणि ट्रिपचा हायलाइट काय, तर एक ‘स्पेशल डिनर’. पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, चार-चार काटे, भल्यामोठ्या प्लेटच्या मधोमध रुपयाएवढा पदार्थ आणि दुसऱ्या दिवशी इन्स्टावर फोटो. आपणही मुकाट्याने लाइक ठोकतो. पण सोमवारी कॅन्टीनमध्ये त्याच माणसाला जरा बाजूला घेऊन विचारा, ‘‘खरं सांग, कसं होतं?’’ उत्तर ठरलेलं. ‘‘भारी होतं यार, पण...’’

आजचा कॉलम या ‘पण’वर. कारण एका रात्रीत पगाराचा मोठा तुकडा उडवल्यावर हा ‘पण’ बराच महागात पडतो.

आमच्या घरचा ‘पण’

मी शहाद्याची. जिल्हा नंदुरबार. पुण्यात हे सांगितलं की हमखास प्रश्न येतो, ‘‘म्हणजे गुजरात ना?’’ नाही बॉस, महाराष्ट्रच. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा. आमच्या नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, ती गोष्ट वेगळी. बाबांचं आयुष्य नंदुरबारच्या मिरची बाजारात गेलं. हा देशातल्या मोठ्या मिरची बाजारांपैकी एक. सीझनमध्ये शहराबाहेर मिरचीच्या पथारी लागतात, नजर जाईल तिथवर लालभडक! आई मात्र पक्की शाकाहारी. अंडंसुद्धा चालत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नाला तीस वर्षं झाली. दादा-वहिनी लंडनमध्ये असतात. दादाने दोन महिने आधी टेबल बुक केलं. युरोपियन रेस्टॉरंट, सात कोर्स, फुल टू तामझाम. फॉर्ममध्ये ‘व्हेजिटेरियन, नो एग’ असं स्पष्ट लिहिलं होतं. मीही रजा टाकून पोहोचले होते.

पहिले दोन कोर्स झकास. तिसरा आला रिसोटो, वर चीज किसलेलं. वहिनीने सहज विचारलं, ‘‘कुठलं चीज?’’ पार्मेझान! अस्सल पार्मेझानमध्ये वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट असतं, म्हणजे आईच्या हिशेबाने ते चालणारच नाही. वेटरने मनापासून सॉरी म्हटलं आणि प्लेट उचलली. नवी प्लेट यायला पंचवीस मिनिटं लागली. तोवर आमच्या प्लेट रिकाम्या आणि आई हात मांडीवर घेऊन बसलेली. शेवटी गोडात पन्ना कोटा. त्यात जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनणारा पदार्थ. तोही परत गेला. लग्नाच्या तिशीला आईच्या वाट्याला काय आलं, तर चिरलेली स्ट्रॉबेरी.

बाबांचं एकदम उलट. त्यांच्या चॉकलेटच्या पदार्थात धुरी दिलेली मिरची होती. एक घास घेऊन ते म्हणाले, ‘‘आपल्याकडची नाही, पण वाळवलीय चांगली.’’ दादाने हे वेटरला सांगितलं, वेटरने आत जाऊन शेफला, आणि शेफ चक्क बाहेर आला. मग दहा मिनिटं बाबा आणि तो गोरा शेफ मिरची वाळवण्यावर बोलत होते, मध्ये दादा दुभाषी. मिरची किती दिवस उन्हात, देठासकट की देठ काढून, वगैरे वगैरे. बाबा आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला तो किस्सा ऐकवतात.

एकच टेबल, एकच बिल. एकाची आयुष्यातली बेस्ट संध्याकाळ आणि दुसऱ्याची नुसती वाट बघण्यात गेलेली. घरी पोहोचल्यावर आईने सगळ्यांना अहिराणीत विचारलं, ‘‘पोट भरनं का रे?’’ कोणी उत्तर देईपर्यंत तिने कुकर लावला होता. रात्री साडेअकराला लंडनमध्ये आम्ही खिचडी खाल्ली.

स्टार नक्की कशाचा?

अशा जागा आपण निवडतो कशा? स्टार बघून. आता हे मिशेलिन म्हणजे मुळात टायरची कंपनी. लोकांनी गाड्या जास्त पळवाव्यात, टायर जास्त झिजावेत म्हणून १९०० मध्ये त्यांनी प्रवाशांसाठी गाईड काढलं. रेस्टॉरंटना स्टार द्यायला सुरुवात झाली १९२६ मध्ये, आणि १९३१ मध्ये एक-दोन-तीन अशी उतरंड आली. यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. स्टार मिळतो तो फक्त प्लेटमधल्या अन्नाला. सजावट, सर्व्हिस, टेबलावरच्या माणसाला कसं वाटलं, यातलं काहीही स्टारमध्ये मोजलं जात नाही.

म्हणजे बघा, शेफ डिस्टिंक्शनमध्ये पास होतो आणि तुमच्या आईची संध्याकाळ तरीही फुकट जाऊ शकते. दोन्ही खरं असू शकतं!

आमच्या खान्देशातल्या लग्नाच्या पंगतीत याच्या बरोबर उलटं असतं. वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्याची भाजी, वर तुपाची धार. मेनू कार्ड नाही, चॉइस नाही. पण वाढप्याची नजर तुमच्या ताटावर असते आणि ताट रिकामं दिसलं की बट्टी पडलीच! आता पंगतीचं फार कौतुकही नको. पोट तट्ट फुगलेलं असताना होणारा आग्रह ज्याने भोगलाय त्यालाच कळेल. पंगतीत ‘नको’ म्हणायला हिंमत लागते आणि फाइन डायनिंगमध्ये ‘अजून थोडं द्या’ म्हणायला. आपली माणसं दुसऱ्या ठिकाणी जास्त बुजतात, एवढाच फरक.

आणि फाइन डायनिंग म्हणजे क्रीम आणि चीजच, असंही आता राहिलेलं नाही. २००१ मध्ये लंडनच्या ‘झायका’ आणि ‘टॅमरिंड’ला पहिल्यांदा भारतीय जेवणासाठी स्टार मिळाले. ‘झायका’चा विनीत भाटिया मूळचा मुंबईचा. मुंबईत वाढलेली गरिमा अरोरा बँकॉकच्या ‘गा’साठी २०१८ मध्ये स्टार मिळवणारी पहिली भारतीय महिला शेफ ठरली. २०२५ मध्ये तर दुबईच्या ‘त्रेसिंद स्टुडिओ’ने तीन स्टार पटकावले. तीन स्टार मिळवणारं ते जगातलं पहिलं भारतीय रेस्टॉरंट! बाबांसारख्या माणसाला नवीन चव आवडते, त्याला युरोपियन द्या. पण ज्या माणसाला अनोळखी प्लेटची धास्ती वाटते, त्याच्यासाठी ओळखीच्या चवीचं नवं रूप हा सुवर्णमध्य आहे. प्रश्न एवढाच, सेलिब्रेशन कोणाचं आहे? बुकिंग करणाऱ्याचं की ज्याचा वाढदिवस त्याचं?

बुकिंगआधीचा फंडा

एक : नुसतं ‘व्हेज’ लिहून भागत नाही. परदेशात बहुतेक ठिकाणी अंडं आणि चीज व्हेजमध्येच धरतात. अंडं, जिलेटिन, रेनेटचं चीज, मांसाचा स्टॉक, फिश सॉस, जे चालत नाही त्याची यादी ई-मेलने पाठवा आणि त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडू नका. चांगल्या जागा अशा यादीला वैतागत नाहीत, उलट त्यांना आधी कळलेलं हवंच असतं. मग ‘त्या’ माणसाला वेगळा मेनू मिळतो, उरलंसुरलं नाही.

दोन : कोणाचं काय सेलिब्रेशन आहे तेही कळवा. गुडघे दुखणारं माणूस असेल तर जिने आणि उंच स्टूल यांचीही चौकशी करा. सात कोर्स म्हणजे अडीच-तीन तासांची बैठक असते. आठला जेवून दहाला झोपणाऱ्यांसाठी लंच बेस्ट. तेच किचन, तोच शेफ आणि दुपारचा सेट मेनू बऱ्याच ठिकाणी चांगलाच स्वस्त.

तीन : बिल. ऑफिसमधला एक मित्र बायकोच्या वाढदिवसाला बँकॉकला गेला होता. मेनूवर किमतीपुढे ‘++’ होतं. त्याला वाटलं डिझाइन असेल! ते दोन प्लस म्हणजे १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या बेरजेवर ७ टक्के व्हॅट. म्हणजे ५००० बाथचं जेवण पडतं ५८८५ बाथना. लंडनमध्ये साधारण १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज बिलातच लावलेला असतो, त्यामुळे वेगळी टिप ठेवायची गरज नाही. फ्रान्समध्ये सर्व्हिस किमतीतच धरलेली असते आणि जगमधलं साधं पाणी फुकट मिळतं. न लाजता मागा. बाटलीचं पाणी मात्र बिलात दिसेल.

चार : कार्ड मशीन विचारतं, ‘रुपयांत की पाउंडात?’ रुपये बघून आपल्याला माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. तिथेच फसायला होतं, कारण तो रेट बहुतेक वेळा महाग असतो. तिथलंच चलन निवडा.

पाच : कॅन्सलेशनचे नियम वाचा. बऱ्याच जागा बुकिंगलाच कार्डचा नंबर घेतात. आयत्या वेळी कोणाला ताप आला, तर न जेवताही पैसे कापले जातात.

आणि या पाचांच्या आधी एक काम. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, त्याला एक फोन करा आणि सरळ विचारा, ‘‘तुला काय खायला आवडेल?’’ सरप्राइजचं थोडं खोबरं होईल, होऊ दे. लंडनचं नाव आलं तर वरची यादी आहेच. आणि उत्तर ‘‘चल, घरीच बट्टी करू’’ असं आलं, तर बुकिंग कन्फर्म समजा. तिथे सर्व्हिस चार्ज नाही, फक्त भांडी घासायची तयारी ठेवा!