घर विकले, झाडांचे काय?

एखाद्या नामवंत स्थापत्यकाराने झाडीत बांधलेले घर विक्रीला निघाले, की जाहिरातीत त्याचे नाव ठळक अक्षरांत झळकते आणि भोवतालच्या वृक्षराजीचेही गुणगान होते. मात्र खरेदीखत झाल्यावर त्या दोहोंचा वाली कोण? लॉस एंजेलिसच्या ब्रेंटवुड भागातील झिमरमन घर क्रेग एलवुड यांनी १९५० साली रचले होते. २०२३ मध्ये ते विकले गेले आणि २०२४ मध्ये जमीनदोस्त झाले. मालकाने कायदा मोडला नाही. विकत घेतलेली वस्तू आपली, एवढेच त्याने धरले.

याच्या उलट हकीकत अमेरिकेतच इलिनॉय प्रांतातील फार्न्सवर्थ घराची. फॉक्स नदीच्या काठी, झाडीत, मीस व्हान डेर रोहे यांनी ते १९५१ मध्ये पुरे केले. भिंती सगळ्या काचेच्या. म्हणजे बाहेरची झाडे हीच त्या घराची भिंत. १९७२ मध्ये ते एकदा विकले गेले, आणि २००३ मध्ये लिलावात आले. तेव्हा भीती अशी होती, की पोलादी सांगाडा सुटा करून धनिक ते भलत्याच जागी उभे करील. जतन करणाऱ्या संस्थांनी वर्गणी जमवली, ७५ लाख डॉलर मोजले आणि घर झाडांसकट जागच्या जागी राहिले.

तंबोऱ्याचा भोपळा, दांडी, तारा सगळे शाबूत ठेवून जवारी तेवढी बिघडवावी, तर वाद्य वाजते; पण त्याचा गुंजारव जातो. झाडीसाठी योजलेले घर झाडीवाचून असेच होते.

आमच्या इंदूरला हा धडा परका नाही. एकार्ट मुथेसियस यांनी यशवंतराव होळकरांसाठी १९३० ते १९३३ या काळात उभारलेला माणिकबाग आजही उभा आहे. पण ज्या सामानासाठी त्यातील दालने योजली, ते १९८० मध्ये मोनॅकोत लिलावाने विकले गेले. दालने राहिली, जवारी गेली.

आपल्या जुन्या घराण्यांचे वाडे-बंगले आता भराभर विक्रीस निघत आहेत. विकणारे वडीलधारे खरेदीदाराला हात जोडून सांगतात, "एवढा आंबा ठेवा हो." तो मानही डोलावतो. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ११ वे कलम सांगते, की मालकी पूर्णपणे देऊन टाकली, तर उपभोगावर घातलेली अट घेणाऱ्याला सहसा बांधत नाही. त्याच कलमात एक वाट मात्र आहे. जमिनीचा एक तुकडा स्वतःकडे राखून, त्याच्या सुखोपभोगासाठी विकलेल्या तुकड्यावर 'झाड तोडू नये' अशी अट घालता येते. आणि ४० व्या कलमान्वये, ती माहीत असताना पुढे घेणाऱ्यावरही ती बजावता येते.

म्हणून भावंडांनी वाटणीच्या बैठकीत किमतीबरोबर झाडांचीही यादी करावी, आणि वकिलाला बोलवावे ते विसारापूर्वी. विसार घेतल्यावर उरते ती विनवणी.