गॅस भरण्याआधी गळती शोधा

येरमाळ्याच्या येडाईची चैत्री यात्रा जवळ आली, की कळंब तालुक्यात ऊन चटके द्यायला लागतं. ऊस वाहून दमलेले ट्रक तेव्हा गॅरेजला लागतात. मिस्त्री गेज लावतो, एसीत गॅस सोडतो, केबिन गार होते, आपण पैसे देऊन निघतो. दीड महिन्यात पुन्हा गरम वारा. मी स्वतः सलग तीन उन्हाळे हेच केलं. म्हणून मालक-चालक बंधूंना कळकळीची विनंती आहे: गळती सापडल्याशिवाय गॅस भरू नका.

एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला म्हणजे तो कुठून तरी निसटला.

आधी पाणी गळतंय की गॅस, ते ओळखा. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकतं ते चांगलं लक्षण. हवेतला ओलावा कूलिंग कॉइलवर गारठून बाहेर पडतो. तेच पाणी केबिनमध्ये पायाशी येत असेल, तर निचऱ्याची नळी धुळीनं तुंबली आहे. ती साफ करा. त्यासाठी गॅस भरायची गरज नाही.

गॅस कुठून जातो हे तेल सांगतं. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. गॅस सुटतो तिथं तेल पाझरतं, त्यावर रस्त्याचा फुफाटा बसतो आणि काळपट चिकट डाग तयार होतो. इंजिन बंद करून, बॅटरी हातात घेऊन हे डाग शोधा: कॉम्प्रेसरच्या पुलीमागं, नळ्यांच्या जोडांवर, खडे लागणाऱ्या कंडेन्सरच्या जाळीवर. नव्यानं बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकांना २०२५ मध्ये केबिनचा एसी सक्तीचा झाला. त्याआधीच्या अनेक गाड्यांत तो मागाहून बसवलेला आहे, नळ्या जागा मिळेल तशा वळवलेल्या. इंजिनाच्या थरथरीनं त्या चेसिसवर घासतात आणि झिजून भोक पडतं. माझ्या गाडीत गळती अशीच एका क्लॅम्पखाली निघाली.

डागावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की जागा सापडली. नाही सापडली, तर उरलेला गॅस मशीननं काढून घेऊन नायट्रोजनचा दाब देऊन तपासायला सांगा. काटा खाली सरकला तर गळती आहेच, बाहेर दिसली नाही तर डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल बघा. दाब देण्यासाठी ऑक्सिजन कधीही वापरू देऊ नका. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो, माणसं जातात. स्वस्त म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरणाऱ्यालाही हात जोडा. तो गळून केबिनमध्ये साचला तर एका ठिणगीत आग लागेल.

दुरुस्ती अर्धवट नको. भोकावर एमसील थापून भागत नाही, नळी बदला. खोललेल्या प्रत्येक जोडाला एसीचीच नवी ओ-रिंग, तेल लावून. लाइन उघडली की ड्रायरही नवा, कारण जुना ओल पिऊन बसलेला असतो. मग किमान अर्धा तास वॅक्यूम मारून काटा टिकतो का पाहा आणि गॅस वजनकाट्यावर तोलूनच भरा. नुसता हात लावून ‘गार झालं’ म्हणणं पुरेसं नाही; जास्त गॅसनं कॉम्प्रेसर बसतो.

बहुतेक जुन्या गाड्यांतला आर-१३४ए हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट उष्णता धरतो. आधीच होरपळणाऱ्या आपल्या भागात तो दर उन्हाळी हवेत सोडणं मला पटत नाही.

पावसाळ्यात गाडी उभी असली तरी पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळेल. आणि गॅस भरल्याची तारीख, किती ग्रॅम भरला आणि कोणता जोड बदलला हे चिठ्ठीवर लिहून केबिनच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या मिस्त्रीला पहिल्यांदा तीच दाखवा.