तासाच्या भाड्याचें विमान

निगडीस आमचे एक स्नेही राहतात. पिंपरीच्या एका कारखान्यांत इंजिनें तपासण्यांत त्यांची उभी हयात गेली. चाळिशी उलटल्यावर, पै पै साठवून, त्यांनीं खासगी वैमानिकाचा परवाना मिळविला. तो आज कपाटांत लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखालीं पडून आहे. कारण विचारतां ते म्हणाले, "सायकल शिकलों खरा, पण गांवांत भाड्याचें दुकानच नाहीं!"

ज्यांनीं लहानपणीं तासाच्या बोलीनें सायकल आणून गुडघे फोडून घेतले आहेत, त्यांस यांतील मर्म सांगावयास नको. विकत घेईल त्यानेंच चालवावी असा दंडक असता, तर आपल्यापैकीं कितीजण सायकल शिकले असते? विमानाचेंही तेंच आहे. सेसना १७२ हें चार आसनांचें विमान १९५५ सालीं प्रथम उडालें व आजवर ४४,००० हून अधिक बनलें. अमेरिकेंत तें लहानसहान धावपट्ट्यांवरही इंधनासकट तासाच्या दरानें मिळतें. भाडेकरू प्रथम तेथील शिक्षकाबरोबर एक फेरी मारून आपला हात दाखवितो. मग इंजिन चाललें तेवढ्याच वेळाचे पैसे भरतो. विमा, निवारा, वार्षिक तपासणी यांचा बोजा अनेकांत वांटला जातो.

आम्हीं हें उशिरा आरंभिलें म्हणावें, तर तसेंही नाहीं. मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ सालचा. १९२९ च्या फेब्रुवारींत जे. आर. डी. टाटांस देशांतील पहिला परवाना मिळाला, तो नोकरीसाठीं खास नव्हे. आज बारामती व धुळें येथील संस्थांजवळ विमानें आहेत. परंतु तीं २०० तास भरून विमान-कंपनीच्या दारांत उभें राहूं पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं. रविवारीं सकाळीं तासभर विमान मागणारा गृहस्थ तेथें अडगळच. लोहगांव पडला हवाई दलाचा तळ. चाकणजवळच्या विमानतळाची वाट पाहून इकडच्या लोकांचे डोळे शिणले, तों योजना पुरंदरास गेली!

हे श्रीमंतांचे चोचले, असें कोणी म्हणतील. श्रीमंतास भाडें कशाला हवें? तो विमान विकतच घेईल. भाड्याची वाट बुजविली म्हणजे आकाश एकट्या त्याचेंच राहतें, एवढेंही या टीकाकारांच्या ध्यानीं येऊं नये! दुसरे धोक्याचा बाऊ करितात. परवान्यासाठीं ४० तासांचें उड्डाण व वैद्यकीय तपासणी नियमानेंच सक्तीची आहे. पण शिकलेला हात वर्षभर बांधून ठेविला, तर त्या ४० तासांचें चीज काय? खरा धोका वर्षांतून एकदां उडणाऱ्याचा. उरली इंधनाची सबब. तर या इंजिनांचें पेट्रोल पूर्वीं परदेशांतून आणावें लागे, तें २०२२ पासून इंडियन ऑइल देशांतच बनवूं लागली आहे.

आम्ही नवी धावपट्टी मागत नाहीं. आहेत त्यांपैकीं एखाद्या संस्थेनें दोन विमानें परवानाधारकांसाठीं राखावींत आणि तासाचा दर दारावरच्या फळ्यावर लिहावा. आमचे स्नेही बारामतीस एस्. टी. नें जावयास तयार आहेत.